टोर्ने नदीचं हॉटेल

[दृश्य : गोठलेली नदी, करवतीचा आवाज]

ही टोर्ने नदी. तिच्या काठावरचं हे युकासयार्वी, उत्तर स्वीडनमधलं खेडं, आर्क्टिक वृत्ताच्या सुमारे 200 किलोमीटर वर. महिना मार्चचा. डिसेंबरात उघडणाऱ्या आइसहोटेलचं, म्हणजे दर हिवाळ्यात नव्याने उभारल्या जाणाऱ्या हिम-बर्फाच्या हॉटेलचं, काम आत्ता सुरू झालंय.

करवत चालतेय तिथलं हिम हिवाळाभर हटवत ठेवलेलं असतं. हिमाची दुलई अंगावर राहिली तर नदीला पुरेशी थंडी लागत नाही, बर्फ पातळ राहतो. उघडी ठेवली की तो मीटरभर धरतो. मग चौकोन कापायचे, लोडरने उचलायचे. एकेक लादी सुमारे 2 टनांची.

[दृश्य : लादीतून आरपार दिसणारं ऊन]

या लादीत बुडबुडा शोधून पाहा. फ्रीजमधला बर्फ चारी बाजूंनी गोठतो, हवा मध्ये कोंडते, म्हणून तो पांढरट दिसतो. नदी मात्र वरून खाली, सावकाश गोठते, आणि सुटणारी हवा खालचं वाहतं पाणी घेऊन जातं. टोर्नेच्या मुख्य प्रवाहावर वीजनिर्मितीचं धरण नाही. जलविद्युत प्रकल्पांपासून स्वीडनने कायद्याने राखलेल्या 4 नद्यांपैकी ही एक. धरण असतं तर विजेच्या मागणीप्रमाणे पाणी सोडलं-अडवलं गेलं असतं, पातळी खालीवर झाली असती आणि बर्फाला तडे गेले असते. फोटो निघतात हॉटेलातल्या बर्फाच्या शिल्पांचे. नदीला श्रेय कोण देतो?

लाद्या उन्हाळाभर उणे 5 अंशांच्या गोदामात राहतात.

[दृश्य : हिमाच्या तोफा, पोलादी साचे]

भिंती आणि छत लाद्यांचे नसतात. ते ‘स्निस’चे, म्हणजे हिम आणि बर्फ यांच्या मधल्या घट्ट मिश्रणाचे. कमानदार पोलादी साच्यांवर ते तोफांनी फवारतात, काही दिवस आवळू देतात आणि साचा ओढून काढतात. मिश्रण ओलं राहिलं किंवा साचा घाईने काढला, तर छत बसतं. कमान नीट उतरली की भार दोन्ही बाजूंनी जमिनीत जातो, आत एकही तुळई लागत नाही.

खांब, पलंग, झुंबरं, शिल्पं मात्र लाद्यांतून. सांध्यांत पाणी कालवलेलं हिम भरायचं. ते गोठलं की जोड पक्का. गोदामातली लादी उणे 30 अंशांत एकदम बाहेर काढली तर तडकू शकते, म्हणून तिला आधी थंडीची सवय करून द्यावी लागते.

[दृश्य : रेनडिअरचं कातडं अंथरलेला पलंग]

आत तापमान उणे 5 ते उणे 8. झोपायला रेनडिअरचं कातडं आणि जाड स्लीपिंग बॅग. अंगात लोकरीचा पातळ थर पुरे; सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि गारठवतो. स्वेटरवर स्वेटर चढवू नका, बॅगेतली हवाच दाबली जाते. तोंड बॅगेत खुपसू नका, श्वासाने अस्तर ओलं होतं. स्वच्छतागृह शेजारच्या गरम इमारतीत आहे, तेव्हा रात्रीचा चहा बेतानेच! उबेत परतण्याआधी कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा, नाहीतर त्यावर दव धरतं.

एप्रिलपासून हे सगळं वितळत नदीत जातं. 2016 पासून शेजारी बारमाही विभाग आहे. उन्हाळ्यात, सूर्य मावळतच नाही तेव्हा, तो सौर ऊर्जेवर थंड ठेवतात. हिवाळा उशिरा लागला की वेळापत्रक कोलमडतं, आणि हल्ली तो लागतोही उशिरा.

[दृश्य : किरूना स्थानक, रात्रीची गाडी]

मुंबईहून येणाऱ्यांनी स्टॉकहोम गाठावं. तिथून युकासयार्वीजवळच्या किरूना शहरापर्यंत विमान आहे, रात्रीची रेल्वेही आहे. बर्फाच्या खोलीत एकच रात्र घ्या, बाकीच्या गरम खोलीत. खोल्या नुसत्या बघायच्या असतील तर दिवसाचं तिकीट मिळतं. संध्याकाळनंतर त्या मुक्कामी पाहुण्यांच्या.