दार बंद, रेडिओ चालू

श्रोतेहो, नमस्कार. कमी पैशांत झॉम्बीपट, म्हणजे उठून चालणाऱ्या प्रेतांचा भयपट करायला लागतं तरी काय? एक घर, आत अडकलेली पाच-सहा माणसं आणि दारावर पडणाऱ्या थापा. दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो यांचा १९६८ सालचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ सुमारे १ लाख १४ हजार डॉलरांत झाला, तोही कृष्णधवल. रक्त म्हणून चॉकलेट सिरप चाललं, कारण कृष्णधवल पडद्यावर ते दाट, काळं दिसतं.

पैसा कमी म्हणून झॉम्बी कमी, आणि म्हणून कॅमेरा जिवंत माणसांपाशी रेंगाळतो. तळघरात लपायचं की वरच थांबायचं, यावर ती भांडतात आणि खरी भीती तिथेच मुरते. मोठ्या चित्रपटांतल्या हजारोंच्या झुंडीला हे क्वचितच साधतं.

झॉम्बी व्हायला दहाच माणसं असतील तर ती मागेपुढे उभी करून दुरून लांब लेन्सने, म्हणजे दूरचं जवळ दाखवणाऱ्या लेन्सने टिपावीत. मधलं अंतर आक्रसतं, गर्दी दाटते. चांगला मेकअप पुढच्या तिघांनाच करा, मागच्यांना नुसता राखाडी रंग पुरतो. सगळ्यांनी हात पुढे केले की कवायत होते. एकाचा गुडघा वाकत नाही, दुसऱ्याची मान कलंडलेली, असं प्रत्येकाला वेगळं काही द्यावं.

सडलेल्या कातडीसाठी लिक्विड लॅटेक्स (द्रवरूप रबर) आणि टिश्यू पेपरचे तीन-चार थर, प्रत्येक थर वाळवून. कागद हातानेच फाडावा, कात्रीची सरळ कड कॅमेऱ्यात लगेच दिसते. भुवयांना आधी व्हॅसलीन लावा, नाहीतर काढताना केस उपटून येतात. लॅटेक्सची ॲलर्जी असू शकते, म्हणून आदल्या दिवशी हातावर थेंब लावून पाहाच.

रंगीत चित्रणात रक्ताला एक कप कॉर्न सिरप (मक्याचा दाट पाक), दोन चमचे लाल खाद्यरंग, निळ्याचा एखादा थेंब आणि पाण्यात कालवलेली चिमूटभर कोको पावडर. निळा विसरला की गुलाबी सरबत होतं.

आणि सगळ्यात स्वस्त हत्यार म्हणजे आपला रेडिओ! रोमेरोंच्या त्याच चित्रपटात बाहेरचा हाहाकार बराचसा बातम्यांतूनच कळतो. मात्र स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेली बातमी तशीच जोडली तर ती चिकटवल्यासारखी वाटते. ती छोट्या स्पीकरवर, त्याच खोलीत वाजवून पुन्हा मुद्रित करावी. संवादांचं चित्रण चालू असताना मात्र रेडिओ बंदच ठेवा. नाहीतर संकलनात दर कटला निवेदकाचं वाक्य तुटतं.