सरपण थंडीत नाही, चैत्रात घ्या!

नमस्कार मंडळी, ग्वाल्हेरहून! आपल्या लष्कर भागात जानेवारीचं धुकं पडलं ना, की सगळे एकदम टालावर, म्हणजे लाकडाच्या वखारीत धावतात, टालवाला जे काढून देईल ते तोलून घरी आणतात, मग बंब पेटेना, शेगडी नुसती धुमसते, आणि शिव्या कोणाला तर बाभळीला. अहो, बाभळीचा काय दोष, तुम्ही पाणी विकत घेतलंय!

हिशोब बघा. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मं वजनसुद्धा पाण्याचं असू शकतं. आपण 40 टक्के धरू, म्हणजे 10 किलोत 4 किलो पाणी, तेही लाकडाच्या भावाने. शिवाय त्या पाण्याची वाफ करायला तुमचंच लाकूड जळणार, उरली तर ऊब तुम्हाला. 20 टक्क्यांच्या खाली आलं की वाळलं म्हणायचं.

आता कुठलं घ्यायचं? गंमत म्हणजे नीट वाळलेलं असेल तर किलोमागे उष्णता सगळ्यांची जवळपास सारखीच असते, फरक पडतो घट्टपणाचा. बाभूळ, खैर, धावडा, आणि आपल्या शिवपुरीकडची करधई, ही जड लाकडं, हळू जळतात, निखारा धरून ठेवतात. (करधई जंगलातून चोरून तोडलेली नको हां.) चंबळच्या बीहडात, म्हणजे घळींत माजलेली ती विलायती बाभूळ, काटे बेक्कार, पण जळायला माझ्या मते पैसा वसूल. आंबा हलका, भसकन पेटतो आणि संपतो, पेटवणाला ठेवा. शेवगा तर कोणी फुकट दिला तरी मी घेणार नाही.

खरी मेख वाळवण्यात आहे. चैत्रात घ्या आणि ओलं असतानाच फोडून घ्या, निलगिरी तर वाळल्यावर कुऱ्हाडीला दादच देत नाही. साल पाणी धरून ठेवते, म्हणून अख्खा ओंडका वर्षभर पडला तरी आतून ओला राहू शकतो, मनगटाएवढ्या फाका करा. खाली विटा, मध्ये हवेला जागा, आणि मग मे महिन्यातली आपली लू, म्हणजे ती गरम झळ, जिला आपण एवढं कोसतो, ती फुकटात काम करते. पावसाळ्यात फक्त वरून पत्रा टाका, चारी बाजूंनी प्लास्टिक गुंडाळलंत तर बुरशी येणार म्हणजे येणारच.

वाळलं का कसं कळणार? टोकांना भेगा पडतात, दोन फाका आपटल्या की टणटणीत वाजतात. पण भेगांवर फार विसंबू नका, कडा आधी वाळते, मधला भाग नंतर. त्यापेक्षा एका फाकेवर खडूने खूण करा, दर आठवड्याला किचनच्या काट्यावर तोला, कोरड्या दिवसांत वजन उतरायचं थांबलं की तयार.

आणि हो, वाळलेल्या लाकडाचा धूर कमी म्हणून शेगडी बंद खोलीत नेऊ नका. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नाही, वास नाही, आणि तो लालबुंद निखाऱ्यातूनही निघतो, तेव्हा "धूर गेला, आता आत आणू" हे अजिबात नको, झोपताना तर नाहीच नाही.