चपलांचा गोलपोस्ट

सकाळचे सहा. सोलापूरचं होम मैदान. सिद्धेश्वर तलावाकडून जरा वारं येतंय, तेवढाच काय तो गारवा. मे महिना आहे, अजून दोन तासांनी इथं उभं राहवणार नाही. मैदानभर क्रिकेटचे चार-पाच डाव एकमेकांत मिसळलेत. कुणाचा फिल्डर कुणाच्या पिचवर उभा आहे, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. आणि कडेला, जिथं क्रिकेटवाल्यांनी जागा सोडली तिथं, चपलांचे दोन ढीग. मधली जागा म्हणजे गोल.

"पास दे की बे!"

जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरली की याच जागेवर पाळणे उभे राहतात, मग फुटबॉल बंद. ही पोरं त्याबद्दल तक्रार करत नाहीत. पाळण्यात बसायला तीही जातात.

आवडता खेळाडू कोण, असं विचारलं की उत्तरं ठरलेली: मेस्सी, रोनाल्डो, आणि आता बारक्या पोरांच्या तोंडी यमाल. कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचं नाव कुणी घेत नाही. आम्ही मात्र त्याचीच गोष्ट सांगणार आहोत, कारण यमालच्या बार्सिलोनाचा रस्ता इथून दिसत नाही. कोल्हापूरचा दिसतो.

दृश्य: कोल्हापूर, शाहू स्टेडियम.

अनिकेतचा जन्म 13 जुलै 2000 चा, कोल्हापूरचा. वडील रिक्षाचालक. आता कोल्हापूर म्हणजे फुटबॉलच्या बाबतीत वेगळंच गाव. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमी. नावं कुस्तीच्या आखाड्याची, पण अंगावर फुटबॉलची जर्सी. पेठेची इज्जत सामन्यावर लागते. अशा गावात पोरानं बॉल लाथाडला तर कुणी त्याला 'रिकामटेकडा' म्हणत नाही. सोलापुरात म्हणतात. खरं सांगायचं तर दोन गावांतला मोठा फरक मैदानाचा नाही, या एका शब्दाचा आहे.

तरीही अनिकेतला कोल्हापूर सोडावंच लागलं. लहान वयात तो पुण्याला बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. सरकारी निवासी प्रशिक्षण. राहणं, खाणं, शाळा, सराव, सगळं तिथंच. घर सुट्टीपुरतं.

मग 2017. सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात भरला आणि यजमान म्हणून भारताला थेट प्रवेश मिळाला. त्या वर्षी 15 सप्टेंबरला महाराष्ट्रभर शाळाशाळांतून फुटबॉल खेळवला गेला, दहा लाख मुलांचं लक्ष्य ठेवून. पुढच्याच महिन्यात, दिल्लीत, कोल्हापूरचा हा पोरगा भारताच्या जर्सीत होता. निकाल काही बरे नव्हते. अमेरिकेकडून 0-3, कोलंबियाकडून 1-2, घानाकडून 0-4. कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगनं मारलेला तो एक गोल, विश्वचषकात भारताचा पहिलावहिला. तो फक्त मिनिटभर टिकला. लगेच कोलंबियानं दुसरा मारला. पण ते मिनिट ज्यांनी पाहिलं, त्यांना अजून आठवतं.

त्या संघातली बरीच मुलं एकत्र ठेवून 'इंडियन ॲरोज' म्हणून आय-लीग या देशपातळीवरच्या क्लब स्पर्धेत उतरवली. पहिल्याच सामन्यात चेन्नई सिटीवर 3-0. त्यातले दोन गोल अनिकेतचे. पुढे अनिकेतचा क्लब जमशेदपूर, मग हैदराबाद.

हैदराबाद म्हटलं की सोलापूरच्या पूर्व भागात कान टवकारतात. इथल्या पद्मशाली घरांत आजही तेलुगू बोलतात, निम्मे पाहुणे तिकडचेच. 20 मार्च 2022 ला गोव्यात, फातोर्ड्याला, हैदराबाद एफसी इंडियन सुपर लीगचा, म्हणजे आयएसएलचा, विजेता झाला. केरळा ब्लास्टर्सशी 1-1, मग पेनल्टी शूटआउटमध्ये 3-1. गोलकीपर कट्टीमणीनं तीन पेनल्टी अडवल्या. केरळाचा गोल राहुल के. पी. चा, त्यांच्याच संघात जॅक्सन. म्हणजे दिल्लीत अनिकेतच्या बरोबरीनं हरलेले दोघे आता समोरच्या बाजूला. व्यावसायिक फुटबॉल तो हाच. दोस्ती राहते, जर्सी बदलते.

आणि जर्सी बदलते ती करारानं. इथं जरा थांबू या, कारण हे होम मैदानावर कुणी सांगत नाही. फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या नियमानं अठरा वर्षांखालच्या खेळाडूचा करार जास्तीत जास्त तीन वर्षांचा, त्यावरच्यांचा साधारण पाच. करार चालू असताना परदेशी क्लबनं पैसे मोजून खेळाडू घेतला, तर त्या रकमेतले पाच टक्के, त्याला 12 ते 23 या वयात ज्या क्लबांनी घडवलं, त्यांच्यात वाटले जातात. म्हणजे गल्लीतल्या क्लबचाही हक्क लागतो. फक्त त्या पोराची रीतसर नोंदणी हवी. चपलांच्या गोलची नोंदणी कुठं होते?

2025 च्या जुलैत आयएसएलचा पुढचा हंगामच थांबवला गेला. लीग चालवण्याच्या हक्कांचा करार संपत आला होता, नवा ठरेना. काही क्लबांनी पगार रोखले. पंचवीस वर्षांची पोरं, पाय शाबूत, आणि काम नव्हतं.

पूर्व भागातल्या विड्या वळणाऱ्या आयांना हे समजावून सांगावं लागत नाही. विडीची मजुरी हजारावर ठरते. पानं आली नाहीत, तर त्या दिवशी हजारही नाहीत. पोरगा फुटबॉलमध्ये जातो म्हणाला, की त्या पहिला प्रश्न पगाराचा विचारतात, आणि दुसरा गुडघ्याचा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

दृश्य: पुन्हा होम मैदान.

प्रबोधिनीच्या निवडीत बॉल नंतर येतो. आधी उंची, वजन, तीस मीटर धाव, उभ्यानं लांब उडी, मेडिसिन बॉल फेक, शटल रन, आणि शेवटी आठशे मीटर. इथल्या पोरांना आठशेची भीती नाही. एक जण आत्ताही मैदानाला फेऱ्या मारतोय, अनवाणी, कारण त्याच्या चपला गोलपोस्टात आहेत.

आठ वाजतात. ऊन चढलंय. कुणाला क्लासला जायचंय, कुणाला घरी हात लावायचाय. ढिगातून ज्यानं त्यानं आपापली जोडी शोधली, पायात घातली, आणि गोलपोस्ट चार दिशांना घरी निघून गेला.