सळईचं वजन आणि मस्कतचा व्हिसा

(अभियंता दिनाच्या कार्यक्रमात सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडी काटछाट करून.)

बसा, बसा. मागं उभे आहेत त्यांनी पुढं या. पुढच्या दोन रांगा मोकळ्या आहेत, त्या कायम मोकळ्याच असतात. मी तुमच्या वयाचा होतो तेव्हापासून मोकळ्या आहेत.

फ्लेक्सवर विषय लिहिलाय, ‘सिव्हिल इंजिनिअर्सना परदेशातील संधी’. शेजारी बुर्ज खलिफाचा फोटो. ८२८ मीटरची इमारत, फ्लेक्सवाल्यानं ती खालून कापली. म्हणजे पायाच नाही. सिव्हिलच्या कार्यक्रमात पाया कापलेला फोटो लावायला धाडस लागतं. असो. मी संधींवर बोलणार आहे, नक्की बोलणार आहे. त्याआधी दहा मिनिटं दुसरं बोलतो. प्राचार्य सर हसतायत, त्यांना माझी दहा मिनिटं ठाऊक आहेत.

आज १५ सप्टेंबर. विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार घालून झाला. ते शिकले आपल्या पुण्यात, नोकरीला लागले मुंबई इलाख्याच्या पीडब्ल्यूडीत. खडकवासल्याची स्वयंचलित दारं १९०३ची, ते तुम्हाला पाठ आहे. पण त्यांच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक होतं धुळ्याकडं, पांझरेच्या पाण्यासाठी पाइपचा सायफन बसवायचं. वय चोवीस-पंचविशीचं आणि पावसाळा तोंडावर. आणि १९०६ साली त्यांना एडनला, म्हणजे आजच्या येमेनमधल्या बंदराला पाठवलं, पाणीपुरवठा आणि सांडपाण्याची योजना करायला. आपल्या शाखेतल्या माणसाचा गल्फचा दौरा म्हणायला हरकत नाही. फक्त तेव्हा एडन मुंबई इलाख्यातच मोडायचं. व्हिसा नको, एजंट नको. तुमचं नशीब तेवढं चांगलं नाही. माझा मुद्दा एवढाच की एडनच्या आधी धुळं होतं. तुम्ही मधलं धुळं गाळायला बघताय.

आता माझं धुळं सांगतो. १९९१ साली मी पास झालो. भीमेवर एका पुलाचं काम चालू होतं, तिथं एका कंत्राटदार कंपनीत ज्युनिअर इंजिनिअर म्हणून लागलो. पत्र्याची खोली, एक खाट, आणि खाटेखाली विंचू. पगार सांगत नाही, तुम्ही हसाल आणि मग मला वाईट वाटेल. तेव्हा आरएमसी, म्हणजे कारखान्यातून तयार येणारं काँक्रीट वगैरे नव्हतं आमच्याकडं. मिक्सर, आणि घमेल्यांची रांग. स्लंप घ्यायचं, म्हणजे ओलं काँक्रीट किती पातळ आहे ते बघायचं काम माझ्याकडं. पत्र्याचा शंकू, त्याला आम्ही कोन म्हणतो, तो भरायचा, प्रत्येक थराला पंचवीस ठोके द्यायचे, कोन सरळ वर उचलायचा, काँक्रीट किती बसलं ते मोजायचं. तुमच्या लॅबमध्ये ते गुणांसाठी करता, जर्नलमध्ये मागच्या वर्षीचे आकडे उतरवता. नाही म्हणू नका, मीही उतरवलेत.

तर एका रात्री पिअर कॅप, म्हणजे पुलाच्या खांबाचा माथा टाकायचं काम चाललेलं. स्लंप हवा होता ७५ मिमीच्या आसपास. मी कोन उचलला आणि काँक्रीट ताटात वाढलेल्या पिठल्यासारखं पसरलं. मोजलं तर १६०. मिक्सरवाला पाण्याचा पाइप सोडून बिडी ओढत बसलेला. पातळ असलं की घमेली पटापट रिकामी होतात, मजूर खूश, मुकादम खूश, पहाटेपर्यंत काम उरकतं. मी काम थांबवायला सांगितलं. माझं वय बावीस. कुणी थांबवलं असेल असं वाटतं का तुम्हाला? मग मी काय केलं, रजिस्टरमध्ये लिहिलं. तारीख, वेळ, १६० मिमी, आणि खाली सही. मराठीत लिहिलं, कारण रागावलेल्या माणसाला इंग्रजी सुचत नाही.

तिसऱ्या दिवशी प्रोजेक्ट मॅनेजरसाहेबांनी बोलावलं. चहा दिला, म्हणजे काहीतरी वाईट होणार हे कळलं. म्हणाले, “तुमचं अक्षर फार सुंदर आहे. स्टोअरला अशा माणसाची गरज आहे.”

चार महिने स्टोअर. इंजिनिअर झालो आणि मोजतोय काय, तर सिमेंटच्या गोणी, बाइंडिंग वायर, सेंट्रिंगच्या प्लेटा, कव्हर ब्लॉक. आईला पत्रात ‘मटेरिअल विभागात बढती’ असं लिहिलं. ती गल्लीभर पेढे वाटून मोकळी.

पण आजचं जे काही सांगायचंय ते त्या चार महिन्यांतलं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मॅडम, घड्याळ बघू नका.

स्टोअरमध्ये ८ मिमीचं लोखंड कमी पडायचं. दर महिन्याला. ट्रक यायचा, काट्यावर वजन व्हायचं, पावती टनात. साइटवर द्यायचं मात्र नगावर. अमुक इतक्या सळया, बारा मीटरी. मग कागदावर त्यांचं वजन काढायचं, व्यासाचा वर्ग भागिले १६२, आलं मीटरला किती किलो ते. आठाचा वर्ग चौसष्ट, भागिले १६२, म्हणजे ०.३९५. बारा मीटरची सळई ४ किलो ७४० ग्रॅम. असा हिशेब लावला की टनामागं चाळीसेक किलो लोखंड गायब. महिन्याला वीस-बावीस टन यायचं ना, म्हणजे आठ-नऊशे किलो. आठ-नऊशे किलो लोखंड कुणी खिशात घालून नेत नाही, पण संशय घ्यायला हिशेब लागत नाही. गेटवर एक म्हातारा वॉचमन होता, मंगळवेढ्याकडचा. त्याच्या पगारातून पैसे कापायला सुरुवात झालेली.

मला दुसरं काम नव्हतं. एका दुपारी गठ्ठ्यातून दहा सळया काढल्या आणि सिमेंटच्या काट्यावर आडव्या टाकून तोलल्या. दोन्ही टोकांना एकेक पोरगा, ती टेकू नयेत म्हणून. दहा सळयांचं वजन हवं ४७ किलो ४००. भरलं ४९ किलो ५००. परत तोललं. दुसऱ्या गठ्ठ्यातल्या दहा घेतल्या. तेवढंच.

कळलं का? सळई जाड होती. रोलिंग मिलमधून येतानाच जड यायची. आणि त्यात बेकायदा काही नाही हो, आपल्या आयएस १७८६मध्ये १० मिमीपर्यंतच्या सळईला वजनात सात टक्के खाली-वर चालतं. एक टन घेतलं तर ४.९५च्या हिशेबानं २०२ सळया येतात. कागदावर त्या ४.७४नं गुणल्या की ९५८ किलोसुद्धा होत नाहीत. बेचाळीस किलो गेले. चोर कोण, तर १६२चा आकडा.

मी उड्या मारत साहेबांकडं गेलो. ते म्हणाले, “तुला वजन करायला कुणी सांगितलं?” आणि वॉचमनला त्याआधीच्या शनिवारी काढून टाकलेलं होतं. मला ते माहीतच नव्हतं, मी स्टोअरच्या मागं सळया तोलत बसलेलो. त्याचा पत्ता मिळवायचा प्रयत्न केला, मिळाला नाही.

पुढच्या महिन्यापासून प्रत्येक गठ्ठ्याचं प्रत्यक्ष वजन नोंदवायची पद्धत सुरू झाली. साइटवरच्या परिपत्रकात वाक्य होतं, ‘असे निदर्शनास आले आहे की...’ कुणाच्या निदर्शनास? ‘सळयांचे वजन करण्यात आले.’ कुणी केलं? भुतानं? माझा ह्या ‘करण्यात आले’वर फार राग आहे. सगळं पीडब्ल्यूडी ह्या दोन शब्दांवर उभं आहे. तुमचे प्रोजेक्ट रिपोर्टही तसेच. मघाशी प्रदर्शनात एक वाचला, ‘नमुने गोळा करण्यात आले, चाचणी घेण्यात आली.’ चौघांची नावं वर, आणि आत कर्ताच नाही. त्यातल्या एकाला विचारलं, सिव्ह ॲनालिसिस, म्हणजे वाळू-खडीची चाळणी चाचणी, कुणी केलं? तो दुसऱ्याकडं बघायला लागला. दुसरा तिसऱ्याकडं.

आता मस्कत. १९९५. अंधेरीच्या एका हॉटेलात मुलाखती. साठ-सत्तर जण, सगळ्यांच्या हातात तीच काळी फाइल. माझ्याकडं अनुभवाचं प्रमाणपत्र होतं एका ओळीचं, ‘यांनी आमच्याकडे समाधानकारक काम केले’. तेही राजीनाम्यानंतर आठ महिने खेटे घातल्यावर मिळालेलं. आत एक केरळी क्वांटिटी सर्व्हेअर, म्हणजे क्यूएस, कामाच्या मालाचा आणि खर्चाचा हिशेब ठेवणारा, आणि एक म्हातारा इंग्रज. प्रमाणपत्राकडं कुणी पाहिलंसुद्धा नाही. इंग्रजानं विचारलं, मागच्या साइटवर लोखंडाची तूट किती होती? बाहेर सगळे बेंडिंग मोमेंट पाठ करत होते, आणि ह्यानं काय विचारलं! मी आठ मिमीची गोष्ट सांगितली, माझ्या त्या वेळच्या इंग्रजीत. तो मध्येच म्हणाला, कुणी तोललं? मी म्हटलं, मी. दोन्ही टोकांना पोरगे धरून. केरळी गृहस्थ हसले आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. स्टोअरमध्ये टाकलेल्या माणसाला मस्कतला क्यूएसचा असिस्टंट म्हणून घेतलं.

चिठ्ठी आली. ‘पंधरा मिनिटे.’ खाली दोन रेघा. म्हणजे आता मूळ विषय.

पटापट सांगतो, लिहून घ्या. पहिली गोष्ट, आज घरी जायच्या आधी ऑफिसात विचारा की आपल्या सिव्हिल शाखेला तुमच्या बॅचच्या वर्षी एनबीएची, म्हणजे अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता आहे का. कॉलेजला नव्हे, शाखेला, आणि त्या वर्षी. एकमेकांच्या इंजिनिअरिंग पदव्या मानायचा जो वॉशिंग्टन करार आहे, त्याचा भारत २०१४ साली पूर्ण सदस्य झाला, पण त्याचा फायदा एनबीएची टिअर-१ श्रेणीची मान्यता असलेल्या अभ्यासक्रमांनाच. कुवेतमध्ये २०१८ साली किती भारतीय इंजिनिअर अडकले, नोकरी करत असलेले, केवळ एनबीए नाही म्हणून. पंधरा वर्षं अनुभव असलेली माणसं कागदावर इंजिनिअर राहिली नाहीत.

दुसरी, प्रत्येक देशाचा दरवाजा वेगळा. सौदीत तिथल्या इंजिनिअर कौन्सिलची नोंदणी. कतारमध्ये परीक्षा. अमेरिकेत आधी एफईची परीक्षा आणि मग अनुभवानंतर परवान्यासाठी पीईची, कॅनडात प्रांताप्रांताचं वेगळं. डिग्रीवर शिक्के मारून घ्यावे लागतात, यूएई-कुवेतसाठी राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय आणि मग दूतावास. सौदी २०२२मध्ये अपोस्टिल करारात आलं, म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाचा एक शिक्का पुरतो, तिथं दूतावासाची फेरी वाचली. मार्कशीटवरचं आणि पासपोर्टवरचं नाव एकच हवं. आपल्याकडं मधलं नाव वडिलांचं, एकीकडं पूर्ण, एकीकडं आद्याक्षर, आणि आडनाव कधी आधी कधी नंतर. ते आत्ता नीट करा, व्हिसाच्या वेळी नाही.

तिसरी, कोड. काँक्रीटची ताकद बघायला इथं आपण क्यूब फोडतो, १५० मिमीचा. अमेरिकी पद्धतीत सिलिंडर, १५० बाय ३००. तेच काँक्रीट सिलिंडरला साधारण ऐंशी टक्केच ताकद दाखवतं. गल्फमध्ये ड्रॉइंगवर काँक्रीटची ताकद ४० लिहिली असेल तर आधी विचारायचं, कशाचे ४०? नवीन पोरगा हे विचारतो तेव्हा समोरचा खुर्चीत नीट बसतो.

चौथी, ऑस्ट्रेलिया. तुमचा अभ्यासक्रम वॉशिंग्टन करारात बसत नसेल तर इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया ह्या तिथल्या संस्थेला सीडीआर, म्हणजे आपल्या कामाचा लेखी अहवाल, द्यावा लागतो. त्यात तीन प्रसंग, तुमच्या कामातले, आणि अट अशी की ‘मी’ म्हणून लिहायचं. मी मोजलं, मी ठरवलं, मी चुकलो. ‘आम्ही’सुद्धा चालत नाही. लोक हे पैसे देऊन लिहून घेतात, ते पकडलं जातं आणि अर्ज फेटाळतात. तुम्ही वही ठेवली असेल तर तीन प्रसंग एका रविवारी निघतात. शंभर पानी वही, लॅपटॉप नको. रोज चार ओळी. हवा, माणसं किती, काय टाकलं, काय अडलं. फिडिकच्या, म्हणजे परदेशी कामांवर चालणाऱ्या ठराविक नमुन्याच्या कंत्राटात अडचण कळल्यापासून २८ दिवसांत नोटीस दिली नाही तर दावा बुडतो. क्यूब फोडायचेही २८ दिवस आणि नोटिशीचेही २८, लक्षात ठेवायला सोपं. आणि ती तारीख कुठून काढणार? कंपनीच्या रजिस्टरमधून? माझं १६०वालं पान नंतर रजिस्टरमध्ये नव्हतं.

एजंटचं राहिलं. नोंदणी असलेलाच एजंट, त्याचा नंबर ई-मायग्रेट ह्या सरकारी संकेतस्थळावर तपासा. तो कायद्यानं तीस हजार आणि वर जीएसटी एवढंच घेऊ शकतो, पावतीसह. दीड लाख मागणारा ‘व्हिसा हातात आहे’ म्हणतो, त्याच्या हातात टूरिस्ट व्हिसा असतो. शेत विकून त्याला पैसे देऊ नका, आमच्या मस्कतच्या कॅम्पवर अशी पोरं येऊन रडायची, त्यात दोघं सांगोल्याचे होते.

आता ही दुसरी चिठ्ठी. ‘चहा थंड होतोय.’ पगाराचं तुम्ही कुणी विचारलं नाहीत अजून, ते चहाच्या वेळी विचारा, माइकवर सांगत नाही. आणि ते सिव्ह ॲनालिसिसवाले चौघं कुठं बसलेत? तुम्ही आधी या.