बर्फाची लादी: कारखान्यापासून ग्लासापर्यंत

(दृश्य: बर्फाचा कारखाना, पहाट. साखळीवरून डबे वर येतात.)

हे पत्र्याचे डबे मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवलेले असतात. टाकीतलं खारं पाणी शून्याच्या खाली दहाएक अंशांवर असतं, तरी ते गोठत नाही. गोठतं ते डब्यातलं साधं पाणी. अमोनिया खेळवलेल्या नळ्या उष्णता ओढून घेत राहतात आणि एक लादी व्हायला जवळजवळ अख्खा दिवस आणि रात्र जाते.

आता लादीच्या मधोमध बघा. ही पांढुरकी शीर दिसते? पाणी कडेकडून गोठत येतं, क्षार आणि गाळ आत लोटत येतं. डब्यात जे भरलं गेलं, त्यातलं बरंचसं शेवटी इथे येऊन बसतं.

डबा साध्या पाण्यात बुडवला की लादी सुटते. सव्वाशे-दीडशे किलो वजन. आकड्याने ओढायची, टेम्पोत चढवायची, वर गोणपाट.

(दृश्य: ससून डॉक, मुंबईतलं मासळी बंदर. बर्फ फोडण्याचं यंत्र, मासळीच्या टोपल्या.)

इथला बर्फ मासळीसाठी. त्याच्याबद्दल तक्रार नाही; तो नसेल तर कोळणीची मासळी दुपारपर्यंतही टिकणार नाही. पण हा बर्फ पोटात जायचा नसतो, म्हणून तो पिण्याच्याच पाण्याचा असावा असा आग्रह कुणी धरत नाही. आणि लादी कुठेही जाऊ शकते. खाण्याचा बर्फ महाग, हा स्वस्त. 

म्हणूनच जून 2018 पासून महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाने नियम आणला: खाण्याचा बर्फ बिनरंगी, बाकीचा निळा. शाळकरी पोरालाही कळेल इतका सोपा, चांगला नियम. आम्ही टिपलेल्या या लाद्यांमध्ये मात्र निळा रंग शोधावा लागतो.

(दृश्य: गोळ्याची गाडी. मग रसवंती, घुंगरांचा आवाज.)

रंध्यावर बर्फ किसला जातो, काडीभोवती दाबला जातो, वरून काला खट्टा. शेजारी चरकातून ऊस निघतो, सोबत आलं, लिंबू. रस आपल्यासमोर काढलेला, ताजा. बर्फ त्यात सगळ्यात शेवटी पडतो.

गोठलं म्हणजे जंतू मेले, हा समज पक्का रुजलेला आहे आणि तो चूक आहे. काही मरतात, बरेच तग धरतात. ई-कोलाय, टायफॉइडचे जंतू, काविळीचे विषाणू बर्फातून ग्लासात उतरू शकतात. समोरच्या कढईतला वडा उकळत्या तेलातून येतो, म्हणून गरम वड्याला ही भीती कमी.

पावसाळ्यात जुलाब, उलट्या, कावीळ. लहान मुलांच्या अंगातलं पाणी भराभर कमी होतं: लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून थोडं थोडं पाजत राहावं, आणि दवाखाना गाठावा.

(दृश्य: गाडीवाला दोन कॅन घेऊन गल्लीतून येतो.)

हे पाणी गल्लीच्या टोकाच्या इमारतीतून येतं. वॉचमनने भरू दिलं तर. याच पाण्यात चटणी, याच पाण्यात पाणीपुरी, ग्लास विसळायलाही हेच, आणि हात धुवायला जे उरेल ते. धाड पडते ती या गाडीवर. लादी रस्त्यावर फोडतात, फोटो निघतो. कारखान्यात बर्फाचे डबे ज्या नळाने भरले, तपासणी त्या नळापासून सुरू व्हायला हवी. 

2014 च्या कायद्याने पथविक्रेत्यांसाठी नगर पथविक्रेता समिती आणि विक्रीची ठरलेली जागा, दोन्ही मान्य केली. जागा आखताना तिथे पाण्याचा नळही आखा, एवढंच या गल्लीतल्या गाडीवाल्यांचं मागणं आहे. मीटर बसवा, बिल आम्ही भरतो, असं ते कॅमेऱ्यासमोर सांगतात.