वारुळातली अळंबी आणि प्रयोगशाळेतला अर्क

मृगाचा पाऊस मनासारखा लागला आणि आर्द्रा सुरू झाली की कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला, म्हणजे शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा आणि चंदगड या तालुक्यांत, वर्षभर जमिनीत आणि लाकडात दडून राहिलेली बुरशी एकाएकी डोळ्यांना दिसू लागते. कुजत्या खोडांवर, पालापाचोळ्यात, बांधावर आणि वारुळांच्या उतारावर नाना रंगांच्या छत्र्या उगवतात. खाण्याजोगी ती अळंबी आणि उरलेली सगळी कुत्र्याची छत्री, अशी विभागणी गावोगाव रुळलेली आहे. संशोधकाला मात्र दोन्हींची सारखीच ओढ असते, कारण औषधाच्या दृष्टीने मोलाचा रेणू खाण्याजोग्या अळंबीतच सापडेल असे मुळीच नाही.

आपल्याला दिसते ती छत्री म्हणजे केवळ फळ. आंबा म्हणजे आंब्याचे झाड नव्हे, तसेच हे आहे. खरा जीव असतो तो माती आणि लाकूड यांतून पसरलेल्या अतिसूक्ष्म तंतूंच्या जाळ्यात, ज्याला कवकजाल म्हणतात. या जिवाला हरितद्रव्य नसते आणि त्याच्या पेशीभित्तिका कायटिनच्या असतात, म्हणजे कीटकांच्या आणि खेकड्यांच्या कवचात असते त्याच द्रव्याच्या. रॉबर्ट व्हिटेकर या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६९ मध्ये सजीवांची पाच सृष्टींत मांडणी केली, तेव्हा बुरशीला वनस्पतींपासून वेगळे स्थान दिले. जगात बुरशीच्या २२ ते ३८ लाख जाती असाव्यात असा अंदाज २०१७ मध्ये मांडला गेला. त्यांपैकी नाव मिळालेल्या जाती दीड लाखाच्या आसपास आहेत.

आपल्याकडच्या अळंबीपैकी सर्वांत नवलाची आहे ती वारुळावर येणारी, शास्त्रीय भाषेत टर्मिटोमायसिस. ती वारुळावर उगवते असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात वाळवी तिची शेती करते. कामकरी वाळवी पालापाचोळा आणि लाकूड खाऊन परतते, वारुळाच्या आतल्या कप्प्यांत आपल्या विष्ठेचा सच्छिद्र पोळ्यासारखा थर रचते आणि त्यातच बुरशीचे बीजाणू पेरले जातात. लाकडाला कठीणपणा देणारे लिग्निन हे द्रव्य पचवणे वाळवीला जड जाते. ते काम बुरशी करते आणि त्या बदल्यात तिला ओलावा, ऊब आणि अखंड खाद्य मिळते. थरावर टाचणीच्या डोक्याएवढ्या पांढऱ्या गाठी येतात आणि वाळवी त्या खाते. हा सहवास सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेच्या जंगलात सुरू झाला, असे जनुकीय अभ्यासातून दिसते. पाऊस मुरला की याच थरातून एक लांब, मुळासारखा देठ माती भेदत वर येतो आणि बाहेर छत्री उघडते. टोकाशी कठीण उंचवटा असलेली ही छत्री हलक्या हाताने उपटली, तर जमिनीत शिरलेला देठ हातभर लांबही निघू शकतो. धिंगरी अळंबीसारखी हिची व्यापारी लागवड अजून साधलेली नाही. म्हणूनच वारूळ खणून काढले की तिथली अळंबीही संपते, आणि बांधावरचे वारूळ राखणारा शेतकरी नकळत एक दुर्मीळ खाद्यस्रोत राखत असतो.

संशोधनाची पहिली पायरी ओळख पटवण्याची, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची पायरीही तीच. ताज्या छत्रीचा देठ कापून ती पांढऱ्या कागदावर पालथी ठेवतात आणि वर भांडे झाकतात. सकाळी भांडे उचलले की छत्रीखालच्या पापुद्र्यांतून गळलेल्या लक्षावधी बीजाणूंची किरणांसारखी नक्षी कागदावर उमटलेली असते. वारुळावरच्या अळंबीचा ठसा फिकट गुलाबी येतो. पावसाळ्यात हिरवळीवर उगवणाऱ्या, तपकिरी खवल्यांच्या क्लोरोफायलम मोलिब्डायटीस या पांढऱ्या छत्रीचा ठसा हिरवट येतो, आणि ती खाल्ली तर काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. अमानिटा प्रजातीतील काही जाती याहून घातक असतात. त्यांतील अमॅनिटिन हे विष शिजवल्याने नष्ट होत नाही, त्रास सहसा सहा तासांनंतर सुरू होतो, मध्ये रुग्णाला बरे वाटू लागते आणि त्याच वेळी यकृत निकामी होत असते. चांदीचा चमचा काळा पडला नाही किंवा किड्यांनी खाल्ली म्हणजे अळंबी बिनविषारी, या समजुतींना कसलाही आधार नाही. अनोळखी छत्री खाऊ नये हेच खरे.

ठसा, सूक्ष्मदर्शकातील निरीक्षण आणि सोबतच्या झाडाची किंवा वारुळाची नोंद झाल्यावर नमुना वाळवून जपला जातो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील अजरेकर संग्रह हा अशा नमुन्यांचा देशातील एक महत्त्वाचा ठेवा आहे. अलीकडे डीएनएच्या आयटीएस नावाच्या भागाचा क्रमही तपासतात. २०१२ पासून तो बुरशीच्या ओळखीचा सर्वमान्य निकष मानला जातो. राधानगरीसारख्या अभयारण्यातून नमुना घ्यायचा तर वनखात्याची परवानगी लागते, आणि ती लागावी हेच योग्य आहे.

त्यानंतर येतो अर्क. वाळलेल्या अळंबीची पूड पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये भिजवून काढलेला अर्क डीपीपीएच नावाच्या गडद जांभळ्या द्रावणात टाकला की रंग फिका होत पिवळसर होतो, आणि तो जितका उतरेल तितकी अर्काची ऑक्सिडीकरणविरोधी क्षमता, म्हणजे ऑक्सिडीकरणाने होणारी हानी रोखण्याची ताकद, अधिक मानली जाते. ही चाचणी सोपी आणि उपयुक्त आहे, पण चहाच्या अर्कानेही तो रंग उतरतो. एवढ्यावरून एखादी अळंबी कर्करोगावर गुणकारी असल्याची जाहिरात करणे म्हणजे रुग्णांची फसवणूक आहे. परीक्षानळीपासून औषधापर्यंतचा प्रवास किती लांबचा असतो, हे प्ल्युरोम्युटिलिन या प्रतिजैविकावरून कळते. ते एका छत्रीधारी बुरशीतून १९५१ मध्ये वेगळे केले गेले; त्यापासून बनवलेले, माणसाच्या त्वचेला लावण्याचे पहिले औषध २००७ मध्ये मान्य झाले, आणि न्यूमोनियावर पोटातून किंवा शिरेतून देण्याचे औषध यायला २०१९ उजाडले. शिताके अळंबीतील लेंटिनान हे द्रव्य जपानमध्ये १९८५ पासून जठराच्या कर्करोगात वापरले गेले, तेही मुख्य उपचारांच्या जोडीला.

लोकज्ञानाकडेही हीच कसोटी लावून, पण आदराने पाहायला हवे. फणसाच्या खोडावर वाढणारा, लाकडासारखा कठीण फणसोंबा पाण्यात उगाळून हिरड्यांना आणि तोंड आल्यावर लावण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. मात्र फणसोंबा या एका नावाखाली फेलिनस गटातील एकाहून अधिक जाती वापरल्या जातात. त्यामुळे कोणत्या झाडावरचा, कोणत्या जातीचा तुकडा तपासला हे नोंदले नसेल, तर दोन प्रयोगशाळांच्या निष्कर्षांची तुलनाच करता येत नाही.

कोल्हापूरला सर्वांत जवळचा वाटावा असा उपयोग औषधाचा नाही. लाकूड पांढरे पाडणाऱ्या बुरशी लिग्निन तोडण्यासाठी लॅकेस आणि पेरॉक्सिडेज ही विकरे बाहेर सोडतात, आणि हीच विकरे कापडाच्या रंगांचे रेणूही तोडू शकतात. इचलकरंजीसारख्या वस्त्रनगरीच्या आणि पंचगंगेच्या काठी राहणाऱ्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. अडचण अशी की ही बुरशी सहसा आम्लधर्मी माध्यमात रमते, तर रंगाईचे सांडपाणी बहुधा अल्कधर्मी, खारट आणि जीवाणूंनी भरलेले असते. शिवाय पाण्याचा रंग गेला म्हणजे विषारीपणा गेला असे होत नाही. तुटलेल्या रंगातून उरणारी द्रव्येही तपासावी लागतात. म्हणून पश्चिमेच्या डोंगरात कुजत्या ओंडक्यांवर मिळणाऱ्या जातींपैकी अल्क आणि क्षार सोसूनही काम करणारी कोणती, हे चंबूतल्या निर्जंतुक द्रावणाऐवजी प्रत्यक्ष सांडपाण्यात पाहावे लागेल, आणि त्याच पाण्यात नंतर बी रुजते का, मासा जगतो का, याचीही चाचणी घ्यावी लागेल.