रेकबॅक: छोट्या टेबलवर हातात नेमकं किती पडतं?

नमस्कार मंडळी. आज बोलूया ऑनलाइन पोकरमधल्या रेकबॅकबद्दल, म्हणजे कंपनी कापते त्या पैशातला काही हिस्सा खेळाडूला परत मिळतो त्याबद्दल. नांदेड, बीड, परभणीकडची बरीच पोरं सध्या एकच विचारतात: "दादा, टेलिग्रामवर साठ टक्के रेकबॅक देतो म्हणतायत, घेऊ का?" माझं उत्तर आधी सांगतो, मग हिशोब मांडतो. एक-दोन रुपयांच्या ब्लाइंडवर (ब्लाइंड म्हणजे पत्ते बघायच्या आधी दोन खेळाडूंना टाकावेच लागणारे पैसे, त्यातला मोठा तो बिग ब्लाइंड) खेळणाऱ्या बहुतेकांना रेकबॅकचा काहीही उपयोग होत नाही. आणि आज जो तुमच्या फोनवर ते देऊ करतोय, त्याच्यापासून तर लांबच राहा.

आधी रेक समजून घ्या. पोकरमध्ये तुम्ही कंपनीविरुद्ध खेळत नसता, टेबलवरच्या बाकीच्यांविरुद्ध खेळता. कंपनी आपली कमाई प्रत्येक पॉटमधून, म्हणजे डावात मधोमध जमलेल्या पैशांतून, कापून घेते; तोच रेक. साधारण पाच टक्के, आणि त्याला वरून एक मर्यादा. फ्लॉप, म्हणजे टेबलवर उघडे मांडले जाणारे पहिले तीन पत्ते, यायच्या आत डाव संपला तर बहुतेक ठिकाणी काही कापत नाहीत. लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन घातलं की भाव चढलेला असो नाहीतर पडलेला, पट्टीत हमाली-तोलाई लागतेच ना? रेक तसाच आहे. तुमचा महिना नफ्यात गेला की तोट्यात, त्याच्याशी त्याचा संबंध नाही.

या कापलेल्या रेकमधला काही हिस्सा परत मिळतो, तो रेकबॅक. तीस टक्के म्हणजे रेकचे तीस टक्के. तुम्ही हरलेल्या पैशाचे नव्हे. बरीच पोरं इथंच चुकतात.

[स्क्रीनवर: ब्लाइंड १ रुपया / २ रुपये]

आता आकडे बघा. समजा शंभर डावांत तुमच्या वाट्याला आठ बिग ब्लाइंड इतका रेक येतो. दोन रुपयांचा बिग ब्लाइंड, म्हणजे सोळा रुपये. त्याचे तीस टक्के किती? चार रुपये ऐंशी पैसे. एका टेबलवर शंभर डाव व्हायला तासापेक्षा जास्त वेळ जातो. तासभर डोळे फोडून, डोकं लावून पाच रुपयेसुद्धा नाहीत. चार टेबल उघडले तर रक्कम चौपट होईल, पण नवख्या माणसाचं लक्ष चार ठिकाणी विभागलं की खेळ किती बिघडतो ते बघायला फार दिवस लागत नाहीत.

बरं, छोट्या टेबलवर रेक जड का पडतो? मर्यादेमुळे. मोठ्या टेबलवर पॉट लवकर फुगतो, रेक मर्यादेला टेकतो आणि तिथंच थांबतो. आपल्या टेबलवर पॉट त्या मर्यादेपर्यंत पोचतच नाही, त्यामुळं जवळपास प्रत्येक वेळी पूर्ण पाच टक्के जातात. बिग ब्लाइंडच्या मापात मोजलं तर छोटा खेळाडूच जास्त भरतो.

आता दोन खेळाडू घ्या. पहिला शंभर डावांमागे दहा बिग ब्लाइंड हरतो, म्हणजे वीस रुपये. रेकबॅक धरून तो पंधरा रुपये वीस पैसे हरेल. हरणं थांबलं का? नाही, जरा हळू झालं. दुसरा फक्त एक बिग ब्लाइंड हरतो, दोन रुपये. रेकबॅक मिळाला की तो दोन रुपये ऐंशी पैसे वर येतो. रेकबॅक खरा कामाचा या दुसऱ्यालाच: जो बरोबरीच्या काठावर आहे, भरपूर डाव खेळतो आणि प्रत्येक सत्राची नोंद ठेवतो. असे लोक फार थोडे असतात.

अजून एक गोष्ट नीट ऐका. रेक कुणाच्या नावावर किती धरायचा, याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. काही ठिकाणी पत्ते मिळालेल्या सगळ्यांत समान वाटतात, काही ठिकाणी पॉटमध्ये ज्यानं जितके टाकले त्या प्रमाणात. दुसऱ्या पद्धतीत जपून खेळणाऱ्याला कमी मिळतं आणि दिसेल त्या पत्त्यावर पैसे टाकणाऱ्याला जास्त. त्यावर महिन्याच्या पातळ्या, जितका रेक भरला तितके पॉइंट आणि वरच्या पातळीला जास्त रेकबॅक! "अजून थोडे पॉइंट झाले की वरची पातळी" म्हणून रात्री दोन वाजता झोपेच्या तारेत खेळणारा पोरगा पाच रुपयांसाठी दोनशे घालवतो. मला याचा फार त्रास होतो, कारण तो दोनशेचा आकडा त्याच्या मेसच्या पैशांतला असतो.

कराचंही बघा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जमा केलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला. तेव्हा हजार रुपये भरले तर त्यातले २१८ रुपये ७५ पैसे करात जायचे. काही अॅप तेवढा बोनस देऊन भरपाई करायचे, ते सोडा. आपल्या तीस टक्क्यांच्या रेकबॅकनं ही रक्कम भरून काढायला साडेचार हजारांहून जास्त डाव लागायचे. शिवाय एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएस.

आता मुख्य मुद्दा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा मंजूर केला, २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत की नशिबाचे, चालवायला बंदी. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. भारतातल्या पोकर कंपन्यांनी त्यानंतर पैशांचे टेबल बंद केले.

मग साठ टक्के देणारा कोण? बाहेरच्या अॅपवरचा क्लब, म्हणजे खाजगी टेबलांचा गट, आणि त्याचा एजंट. अॅपमध्ये फक्त चिप्स दिसतात, खरे पैसे एजंटच्या यूपीआयवर जातात. तो त्याच्या कमिशनमधून तुम्हाला हिस्सा देतो म्हणतो. कुठलीही पावती नाही, समोरचे तिघे एकमेकांचे पत्ते सांगतायत का हे तपासणारं कुणी नाही, आणि तुम्ही जिंकून पैसे मागितले की नंबर बंद होऊ शकतो. शंभर टक्के रेकबॅक लिहिलं तरी मूळ रक्कमच परत येईल याची खात्री काय?

पैसे आधीच अडकले असतील तर व्यवहाराचे स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवा. आणि खेळणं सुटत नसेल, घरी सांगायची हिंमत होत नसेल, तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.